सहदेव घाडीच्या घरचा वास

सहदेव घाडी मुलुंडच्या एका कॉलेजात सत्य वगैरे काही नसतं असं शिकवतो आणि घरी आला की दुधात पाणी आहे म्हणून दूधवाल्याशी भांडतो. दूधवाला म्हणतो, साहेब, तुमचा समज आहे. सहदेव म्हणतो, समज नाही, पाणी आहे. मी बाजूला उभा राहून ब्रश करत हे रोज बघायचो. एकदा म्हटलंही, "सर, काल तर तुम्ही सांगत होतात की प्रत्येकाचं आपलं आपलं सत्य असतं. मग त्या बिचाऱ्याचं का नाही?"

"ते पोरांना सांगतो. सिलॅबसला आहे," सहदेव म्हणाला. "चहा पिऊन बघ आणि मग बोल."

मी मंगळवेढ्याला शिकलो. आमच्या शाळेत मास्तर सांगतील ते सत्य होतं, आणि त्यांनी चुकीचं सांगितलं असेल तर पेपरात तेच चुकीचं लिहिणं हे त्याहून मोठं सत्य होतं. त्यामुळे नोकरीसाठी मुंबईत आल्यावर कांजूरमार्गला घाड्यांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला लागलो, तेव्हा सत्य या विषयावर पदव्युत्तर वर्गात आख्खा पेपर असतो याचं मला फार नवल वाटलं. त्या पेपराचं नाव उत्तर-आधुनिकता. सहदेव तो नऊ-दहा वर्षं शिकवतोय, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला त्याला नव्याने बोलावतात, दर एप्रिलला तो आपोआप संपतो. आपण प्राध्यापक आहोत हे त्याचं स्वतःचं सत्य सुद्धा वर्षातले काही महिनेच टिकतं, असं मी म्हटलं की तो हसायचा. उन्हाळ्यात जरा कमी हसायचा.

आईशिवाय त्याला जवळचं कोणी नाही. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर जे काही हाती आलं त्यात हे कांजूरमार्ग पूर्वेचं घर झालं, आणि घर झाल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. आई रत्नप्रभाकाकू. मूळ गाव मालवणाजवळचं. मुंबईत सगळं आयुष्य काढून त्यांची भाषा अजून एसटीतून उतरलेली नाही. मला त्या 'घाटावरचो' म्हणतात, आणि घाटावरच्या माणसाला माशातलं काही कळत नाही या दुःखाने मला एक तुकडा जास्त वाढतात.

आता वासाचं सांगायला पाहिजे. आमच्याकडून खाडीच्या अंगाला गेलं की शहराची कचराभूमी. थंडीत पहाटेपासून वारा तिकडून येतो आणि सोबत तो वास आणतो. आधी गोडसर येतो, मग आंबूस होतो, आणि शेवटी घशात बसतो. दुपारी वारा फिरला की जातो. मी नवा होतो तेव्हा पहिला आठवडा मला जेवण गेलं नाही. मग सवय झाली. इथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, पूर्वी यायचा, आता कमी आहे. काकू तर म्हणायच्या, "वास? खंयचो वास? माका नाय येत." आणि असं म्हणत खिडकी लावून घ्यायच्या.

ही खिडकी लावण्याची गोष्ट श्रुतिकाच्या लक्षात आली. श्रुतिका सहदेवची एम.ए.ची विद्यार्थिनी, आमच्याच मागच्या बिल्डिंगमधली. लघुप्रबंधासाठी तिने हा वासच विषय घेतला आणि सहदेव तिचा मार्गदर्शक झाला. ती घरोघर गेली. पहिल्या दोन प्रकरणांत तिने वास कधी येतो, कुणाला खोकला आहे, कोण सकाळी मुलांना बाहेर सोडत नाही, हे नीट लिहिलं. पण तिचा खरा शोध तिसऱ्या प्रकरणात होता. तिला असं दिसलं की लोक एरवी वासाला शिव्या घालतात, आणि पाहुणा आला की तोच वास लपवतात. मुलगी बघायला माणसं येणार असली की त्यांना दुपारनंतर बोलावतात. फ्लॅटला गिऱ्हाईक आलं की कापूर जाळतात. बाहेरच्याने विचारलं की नाही म्हणतात. म्हणजे विचारणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाला आजवर 'नाही' हेच उत्तर मिळालेलं असणार, आणि वास कागदावर कधी आलाच नसणार.

सहदेव हे वाचून जेवताना दोनदा उठून फेऱ्या मारून आला. "अरे, बघ ना. इतकी वर्षं मी शिकवतोय की सत्य कुणीतरी घडवतं. पोरगीने कसं घडवतात ते दाखवलं, आणि त्याखाली वास आहे तो आहेच, हेही दाखवलं. आमच्या मॅडमना हे दुसरं अर्धं झेपणार नाही."

मॅडम म्हणजे सुहासिनी मॅडम, विभागप्रमुख. सहदेवला त्यांनीच शिकवलं, त्यांनीच दर जूनला टिकवलं. त्यांच्याविषयी वाईट बोललेलं तो ऐकून घेत नाही, स्वतः मात्र बोलतो.

जानेवारीत कॉलेजच्या चर्चासत्रात श्रुतिकाने तिसरं प्रकरण वाचलं. कुणीतरी मोबाइलवर शूट केलं आणि ते आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं. झालं, वाट लागली. कॉलेजकडे तक्रार गेली, खाली सह्या भरपूर. आमच्या वस्तीची ओळख कचऱ्याशी जोडली, आम्हाला खोटारडे ठरवलं, समाजाच्या भावना दुखावल्या. सह्या करणाऱ्यांतले बरेचसे श्रुतिकाच्या पहिल्या प्रकरणात खोकत होते. कॉलेजने समिती नेमली आणि तिचा निकाल लागेपर्यंत प्रबंध अडकवून ठेवला. श्रुतिकाचं वर्ष त्या तिसऱ्या प्रकरणावर येऊन थांबलं.

मॅडमनी सहदेवला बोलावलं. त्या संवादाचा प्रयोग त्याने घरी येऊन दोन्ही आवाजांत करून दाखवला, म्हणून तो मला पाठ आहे.

"सहदेव, या लोकांच्या वतीने बोलायचा अधिकार हिला कुणी दिला?"

"मॅडम, ती तिथेच राहते."

"मग ती तटस्थ नाही."

"तटस्थ कुणीच नसतं, असं तुम्हीच शिकवलंत."

"म्हणूनच म्हणते. हे तिचं एक कथन आहे. तसं लिहू दे ना. वास आहे, लोक लपवतात, असं ठासून कशाला?"

"कारण वास आहे मॅडम."

मग त्या जे बोलल्या त्याची नक्कल सहदेवने केली नाही, साध्या आवाजात सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे ना, या शहरात माणसांच्या अंगाला, घराला वास येतो म्हणून त्यांना भाड्याने जागा नाकारतात? मासे खाणाऱ्यांना, गिरणगावातून आलेल्यांना? कुणालाही 'ही वासाची वस्ती' म्हणायची मला भीती वाटते. माझं शास्त्र कदाचित चुकत असेल. भीती चुकत नाही."

"यावर तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हणणार? बाबांना तीन ठिकाणी जागा नाकारली होती." आणि लगेच, "पण म्हणून वास जातो का रे?"

समितीत मॅडम होत्या, विद्यापीठाचे एक सर होते, आणि संस्थेच्या ट्रस्टींपैकी हर्षदभाई. हर्षदभाईंचा टाइल्सचा धंदा, घाटकोपरला दुकान. पहिल्या बैठकीत दीड तास कथन, प्रतिनिधित्व, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य असं सगळं ऐकून ते म्हणाले, एवढं बोलण्यापेक्षा जाऊन वास घेऊन येऊ या ना. घाडी सर तिथेच राहतात म्हणता. त्यांच्याकडे जाऊ, चहा पिऊ. आला वास तर मुलगी खरी, विषय संपला.

सहदेव त्या दिवशी उड्या मारत घरी आला. "बघ, आख्ख्या समितीत सत्यावर विश्वास असलेला माणूस निघाला तो टाइल्सवाला." त्याने मुद्दाम शनिवार सकाळ ठरवून घेतली. थंडी होती, सकाळी वारा खाडीकडूनच असणार होता. श्रुतिकाला त्याने फोन करून सांगितलं की काळजी करू नको, शनिवारनंतर प्रबंध सुटला समज. आईला फक्त एवढंच सांगितलं की कॉलेजची माणसं येणार आहेत, चहा कर. जास्त सांगितलं तर ती घाबरेल, असा त्याचा हिशेब होता. तो सकाळी समितीला आणायला मुलुंडला गेला.

मला जाग आली ती फिनेलने. डोळे उघडले तर घर धुराने भरलेलं. काकूंनी सगळी जमीन दोनदा पुसली होती, दोन्ही खिडक्यांच्या फटींना जुन्या साडीच्या पट्ट्या लावल्या होत्या, देवापुढे, दाराशी आणि मोरीत धूप पेटवला होता, आणि तव्यावर सुरमई चढवायच्या बेतात होत्या.

"काकू, हे काय करताय?"

"पावणे येतले मां. तू आंघोळ कर जा आदी."

मग मला सांगणं भागच होतं. "काकू, ते लोक वास बघायलाच येतायत. तो आला पाहिजे. उघडा ती खिडकी."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या दारात कचरा टाकलाय. "वास बघूक? माज्या घरात? आणि मी त्येंका त्या वासात बसवू? उद्या कॉलेजात सांगतले, घाडी मास्तराच्या घरात नाक धरून बसूचा लागता. माजो झील सहदेव थंय नोकरी करता."

"अहो, त्याच्या कामासाठीच..."

"गप रव. तुका काय कळता."

मी खिडकीची पट्टी ओढली. त्यांनी उलथण्याने माझ्या हातावर मारलं, लागेल असं नाही, पण कळेल असं. मग त्यांनी आणखी एक धूपकांडी लावली, बहुधा माझ्यामुळे. मी सहदेवला फोन केला, तर त्याचा फोन लागेना. शेवटी खाली जाऊन गेटपाशी उभा राहिलो.

खाली वास झकास होता. इतका की मला त्याचा पहिल्यांदाच आनंद झाला. गाडी आली, काचा बंद, एसी चालू. हर्षदभाई उतरले, दोन पावलं आले आणि थांबले. नाक आक्रसलं.

"हां. कुछ तो है. घाडी सर, हाच का तो?"

या जागी तुम्ही असतात, मी असतो, दूधवाला असता, तर हो म्हणाला असता. सहदेव म्हणाला, "सर, तसं सरळ सांगता येणार नाही. यात तीन वास आहेत. आत्ता ओहोटी आहे, तर खाडीच्या चिखलाचा एक येतो. मागे नाला आहे, त्याचा वेगळा. आणि मागाहून घशाशी येतो तो कचऱ्याचा."

"म्हणजे नक्की नाही?"

"नक्की आहे. पण तो वेगळा काढून ओळखावा लागतो."

हर्षदभाईंना वास वेगळे काढत उभं राहायची हौस नव्हती. "चला, वर जाऊन बसू," ते म्हणाले. जिन्यात मी सहदेवच्या शर्टाची बाही ओढून "वर धूप" एवढंच म्हणू शकलो. तो म्हणाला, "काय?" आणि दार उघडलं.

आत देवळात आल्यासारखं होतं, फक्त देवळात मासे तळत नाहीत. काकू पदर सावरून पुढे आल्या, सगळ्यांना बसवलं, पंखा लावला. मॅडम मूळ गोव्याकडच्या. सुरमई बघून त्यांचा चेहरा समितीचा राहिला नाही. विद्यापीठाच्या सरांनीही दोन तुकडे घेतले. हर्षदभाई शाकाहारी, ते रुमाल नाकाशी घेऊन अवघडून बसले होते. त्यांच्यासाठी काकूंनी वेगळ्या कढईत पोहे केले होते, आणि कढई वेगळी आहे हे तीनदा सांगितलं.

"इथे तर तसा काही वास नाही," हर्षदभाई इकडेतिकडे बघत म्हणाले. मग थेट काकूंनाच, "माजी, यहाँ बदबू आती है क्या? कचरे की?"

काकूंची हिंदी बाजारातली. "नहीं नहीं. कुच नहीं. एकदम साफ हवा. हमारा बिल्डिंग अच्छा है."

मी सहदेवकडे बघितलं. तो खिडकीच्या फटीतल्या साडीच्या पट्टीकडे बघत होता. त्याच्या मांडीवरच्या पिशवीत श्रुतिकाचा प्रबंध होता, आणि तिसरं प्रकरण आत्ता, त्याच्या घरात, त्याच्या आईच्या हातून, जसंच्या तसं घडत होतं. त्याने फक्त बोट दाखवायचं होतं. हे बघा. पाहुणा आला, खिडकी बंद, धूप पेटला, विचारलं की नाही म्हणतात. मुलीने लिहिलंय ते हेच. माझी आई आत्ता तुमच्याशी खोटं बोलली. एवढं म्हटलं असतं की झालं असतं.

त्याने तोंड उघडलं सुद्धा.

"मीठ बरा झाला मां रे?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा घामाने आणि समाधानाने चमकत होता. कॉलेजची इतकी माणसं त्या घरात पहिल्यांदाच जेवत होती.

"झालंय," सहदेव म्हणाला.

समिती अर्ध्या तासात गेली. जिना उतरताना मॅडम काकूंचा हात हातात घेऊन पाककृती विचारत होत्या.

सोमवारी सहदेव मॅडमना भेटला आणि जे शनिवारी बोलायचं होतं ते त्याने तेव्हा सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या घरात वास नव्हता, हाच वास असल्याचा पुरावा? अरे, असं म्हटलं तर कुठल्याही घरात काहीही नसलं की ते असल्याचं सिद्ध होईल. आला तर आहे, नाही आला तर लपवलाय. मग हे खोटं कधी ठरणार?"

"मॅडम, खाली आला होता. हर्षदभाईंना आला."

"त्यांना तूच सांगितलंस की तीन वास आहेत." आणि पुढे, "तुझ्या आईने खोटं सांगितलं असं मी अहवालात लिहू का? सांग. तू म्हणालास तर लिहिते."

हे सांगताना सहदेव बनियनवर गॅलरीत उभा होता. "गंमत बघ," तो म्हणाला, "जन्मभर त्या सांगतात की सत्य पडताळता येत नाही. आणि एका सकाळी त्यांनी पडताळलं. मी दूधवाल्याला रोज सांगतो की पडताळून बघ, आणि त्या सकाळी मीच पडताळू दिलं नाही."

"मग काय म्हणालास? लिहा म्हणालास?"

"तू म्हणाला असतास?"

माझी आई मंगळवेढ्याला असते आणि आमच्याकडे नळाला पाणी येत नाही हे सुद्धा ती पाहुण्यांना सांगत नाही.

समितीचा अहवाल आला. भाषा सौम्य होती. विद्यार्थिनीच्या मेहनतीचं कौतुक. प्रत्यक्ष भेटीत परिसर स्वच्छ आढळला. मासे तळल्याचा वास आढळला, तो स्थानिक खाद्यसंस्कृतीचा भाग असल्याने आक्षेपार्ह नाही. तिसरं प्रकरण वगळावं, वस्तीचं नाव वगळावं, मग प्रबंध स्वीकारावा. सहदेवने एक निवेदन दिलं, ते सोबत जोडलं गेलं. जोडलेलं कोण वाचतं.

श्रुतिका आधी खूप भांडली. कॉलेजशी, मग सहदेवशी. "सर, तुमच्या घरी तर ते येऊन गेले. मग काय झालं तिथे? तुम्ही सांगितलं नाहीत का?"

"सांगितलं."

"मग?"

"उशीर झाला सांगायला."

याहून जास्त तो तिला काही बोलला नाही. ती त्याला फोन करायची थांबली. परीक्षा तोंडावर आल्यावर तिने प्रकरण काढलं. बाकीच्या प्रबंधाला चांगले गुण पडले. 'एका उपनगरातील रहिवाशांचे अनुभव' असं काहीतरी नाव होतं. वाचताना ते उपनगर जगात कुठेही असू शकतं, आणि तिथे नेमकं काय झालंय हेही कळत नाही. जूनमध्ये सहदेवला कॉलेजातून नेहमीसारखा फोन आला. पेपर तोच.

जुलैतल्या एका रविवारी श्रुतिका पेढे घेऊन आली. पास झालेली, तर गुरूंच्या घरी जायला हवं, असं तिच्या आईने पाठवलेलं दिसत होतं. सहदेव उगाच वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसला. काकूंना मात्र पोरगी आली याचा कोण आनंद.

"तुजे पावणे इल्ले तेवा तू होयी होतंस गो," काकू तिला सांगायला लागल्या. "तुज्याच कामासाठी इल्ले मां? मी सगळा घर पुसलंय. खिडकेक साडयो लावलंय. आणि असो धूप घातलंय, असो धूप घातलंय, वास नावाक नव्हतो. ती मॅडम दोन तुकडे खावन गेली."

श्रुतिकाच्या हातातला पेढा हातातच राहिला. ती काकूंकडे बघत राहिली, मग सहदेवकडे. त्याने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"पाहुणे आले की नेहमी लावता धूप?" तिने विचारलं. आवाज अगदी प्रबंधातला, हळू आणि नीट.

"नेहमी. तुमच्याकडे नाय लावनत?"

"लावते आई."

"लावूकच होयो."

"हो," श्रुतिका म्हणाली. मग हातातला पेढा काकूंच्या हातावर ठेवत, "बरं केलंत काकू."

काकू आत गेल्या आणि धूपाचा एक नवा पुडा घेऊन आल्या. गावाहून आणलेला, दुकानातला नव्हे, तुझ्या आईला दे म्हणाल्या. श्रुतिका दोन्ही हातांनी तो पुडा धरून उभी राहिली. नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते त्या खोलीत कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने तो पर्समध्ये ठेवला, वाकून काकूंच्या पाया पडली, आणि सहदेवला "येते सर" म्हणून चपला घालायला लागली.

"परत कदी येतले गो ते लोक?" काकूंनी दारातून विचारलं. "ह्या खेपेक सुरमय नाय, सरंगो तळतंय."

"येतील, आई," सहदेव म्हणाला.